ठिपका गुंठ्याचा, निवाडा तालुक्याचा

(जुळे सोलापूर येथील जिल्हा बैठकीत नकाशे आणि उपग्रहचित्रे या विषयावर केलेल्या भाषणाचा मजकूर)



भाव, वीज आणि कर्ज यांवर बोलणारे इथे पुष्कळ आहेत. माझ्या वाट्याला आलेला विषय ऐकायला कोरडा आहे : नकाशे. शाळेत भिंतीवर टांगलेला नकाशा आपण सगळ्यांनी पाहिला. त्यानंतर नकाशाशी गाठ पडते ती बांधाचे भांडण लागले की, नाही तर रस्त्यात जमीन चालली असे कळले की. एरवी सातबारा आपण ट्रंकेत जपून ठेवतो आणि नकाशाकडे ढुंकूनही पाहत नाही.

पण सरकार तुमच्या शेताकडे पाहते ते नकाशातूनच. दुष्काळ आहे की नाही, हे ठरवताना आता आकाशातून काढलेली चित्रे मांडली जातात. विम्यातही ती शिरली आहेत. तेव्हा हे कागद आणि ही चित्रे कशी वाचायची, कोणता नकाशा कशाला चालतो आणि कशाला चालत नाही, हे समजून घ्यायला हवे. ते समजले नाही तर साहेब टेबलावर रंगीत कागद पसरतील आणि आपण मान डोलावून परत येऊ.

नकाशा आला तो सारा ठरवायला

आपल्या भागात शेतवार मोजणी आली ती शेतकऱ्याने मागितली म्हणून नव्हे. इंग्रजांना जमिनीवर सारा बसवायचा होता. १८२०च्या दशकाच्या अखेरीस प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने पुणे भागात मोजणी आणि आकारणी केली. कागदावर ती फार शास्त्रशुद्ध होती. पिकाचा खर्च वजा जाता काय उरते, याचे हिशेब मांडले होते. पण हिशेबातले उत्पन्न आणि रानातले उत्पन्न यांचा मेळ नव्हता. सारा झेपेना. लोकांनी जमिनी टाकल्या, कित्येक गाव सोडून गेले.

मग १८३५-३६च्या सुमारास विंगेट आणि गोल्डस्मिड या दोघांनी आपल्या शेजारच्या इंदापूर तालुक्यापासून नव्याने सुरुवात केली. त्यांनी मातीची खोली पाहिली. चांगली काळी माती पावणेदोन हात खोल असेल तर सोळा आणे. खोली कमी होत गेली, चुनखडी लागली, उतार निघाला, की आणे कमी. हीच पद्धत पुढे सोलापूरकडे आली. तेहतीस फुटांची साखळी, तिचेही सोळा आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद तो गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. आजही आपण याच मापात बोलतो, आणि सातबारावरचा 'आकार' हा त्याच आकारणीचा वारसा आहे.

ही जुनी गोष्ट सांगायचे कारण एवढेच, की मोजणी कितीही शास्त्रशुद्ध असली तरी रानातली परिस्थिती तिच्यात उतरली नाही तर शेतकरी मरतो. दोनशे वर्षांपूर्वी हे साखळीने घडले. आज ते उपग्रहाने घडू शकते.

नकाशाला विचारायचे तीन प्रश्न

कोणताही नकाशा समोर आला की तीन प्रश्न विचारा. हा किती बारीक आहे? हा केव्हाचा आहे? आणि हा कशासाठी काढला आहे? या तिन्हींची उत्तरे नकाशाच्या कोपऱ्यात बहुधा लिहिलेली असतात. नसतील तर तो नकाशा दाखवणाऱ्याला विचारा.

पहिला आपला गावनकाशा आणि गटाचा नकाशा. तो काढला मालकीसाठी आणि साऱ्यासाठी. त्यात हद्दी आहेत, शिव आहे, ओढे आणि वाटा आहेत. पीक नाही, उतार नाही, माती नाही. समजा तुमच्या गावनकाशाचे प्रमाण इंचाला ६६० फूट आहे. त्यावरची रेघ इंचाचा पन्नासावा भाग जाड असेल, तर ती रेघच जमिनीवर तेरा फूट रुंद होते. आता मला सांगा, दोन फुटांच्या बांधाचे भांडण या नकाशावर कसे मिटणार? गावनकाशा छातीशी धरून भाऊ भावावर कोर्टात जातो, आणि नकाशाला ते भांडण दिसतच नाही. त्यासाठी भूमी अभिलेखातले मूळ टिपण, फाळणीचा नकाशा आणि प्रत्यक्ष मोजणी लागते.

हल्ली मोजणीला रोव्हर येतो. तो उपग्रहांच्या इशाऱ्यांवरून जागा काही सेंटीमीटरपर्यंत अचूक सांगतो. लोकांना वाटते, आता यंत्र आले, वाद संपला. पण रोव्हर सांगतो की तुम्ही उभे कुठे आहात. हद्द कुठे आहे हे त्याला जुन्या टिपणावरूनच कळते. टिपण चुकीचे असेल, किंवा १९४७च्या कायद्याखाली झालेल्या एकत्रीकरणात गट पाडताना चूक झाली असेल, तर यंत्र ती चूकच फार अचूकपणे जमिनीवर मारून देईल. म्हणून मोजणीच्या आधी टिपणाची नक्कल घ्या आणि सातबाराचे क्षेत्र नकाशाच्या क्षेत्राशी ताडून पाहा.

दुसरा नकाशा भारतीय सर्वेक्षण विभागाचा, ज्याला टोपोशीट म्हणतात. १७६७ साली स्थापन झालेले हे खाते. सोलापूर शहर त्यांच्या '४७ ओ/१४' या पत्रकावर येते. यात दोन सेंटीमीटर म्हणजे एक किलोमीटर. ओढे, नाले, टेकड्या, रस्ते, गावे आणि उंचीच्या समपातळी रेषा. पाणी कोणत्या अंगाने वाहते, पाणलोट कुठे सुरू होतो, पाझर तलावाला जागा कुठे शोधावी, यासाठी हा उत्तम. पण दोन समपातळी रेषांत साधारण वीस मीटरचे अंतर असते. आपले रान दोन-चार मीटरने उतरते. या नकाशावर ते सपाटच दिसेल. त्यावरून बांधबंदिस्ती आखायला गेलात तर पहिल्या वळवाला बांध फुटेल. बांधासाठी लेव्हल लावूनच रेषा काढावी लागते.

तिसरे नकाशे मातीचे आणि भूजलाचे. नागपूरच्या राष्ट्रीय मृद सर्वेक्षण संस्थेने महाराष्ट्राच्या मातीचा नकाशा पाच लाखांस एक या प्रमाणात केला. त्यात एक मिलिमीटर म्हणजे पाचशे मीटर. मिलिमीटरभर चौकोनात बासष्ट एकर बसतात. आपल्याकडे तेवढ्या रानात वर माळ, मध्ये मुरमाड आणि खाली ओढ्याकाठी भारी काळी जमीन, असे तिन्ही प्रकार सापडतात. जिल्ह्याचे धोरण ठरवायला हा नकाशा ठीक. तुमच्या शेतात शाळू कुठे आणि तूर कुठे, हे त्याला विचारू नका. भूजलाचेही तसेच. १९७२च्या दुष्काळात उभी राहिलेली भूजल सर्वेक्षण यंत्रणा पाणलोट पाडून विहिरींची पाणीपातळी मोजते. त्यांचा नकाशा सांगतो की या पाणलोटात उपसा भरण्यापेक्षा जास्त होतो की कमी. तुमच्या बोअरला पाणी लागेल असे लेखी देत नाही. उपग्रहचित्रात कातळातल्या लांबलचक भेगा सरळ रेघांसारख्या दिसतात, त्यावरून पाणी शोधायला मदत होते. पण काही भेगा पाण्याने भरलेल्या असतात आणि काही मातीने. त्याची खात्री जमिनीवरच करावी लागते.

चौथा नकाशा शहराच्या विकास आराखड्याचा. आपण बसलो आहोत ते जुळे सोलापूर त्याचेच उदाहरण. आज इथे बंगले आणि अपार्टमेंट उभी आहेत, तिथे एकेकाळी रान होते. १९९२ साली शहराची हद्दवाढ झाली आणि आजूबाजूची गावे महापालिकेत आली. जमीन तीच राहते, कागदावरचा रंग बदलतो आणि रंगाबरोबर भाव बदलतो. १९६६च्या नगररचना कायद्याप्रमाणे आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध करून हरकती मागवाव्याच लागतात. ती नोटीस ज्याने वाचली त्याने हरकत घेतली. ज्याने वाचली नाही त्याच्या शेतावर आरक्षण पडले. महामार्गाच्या भूसंपादनाचेही तेच आहे. आखणीचा नकाशा आणि संयुक्त मोजणी या दोन पायऱ्यांवर जागे राहिले नाही, तर पुढे फक्त मोबदल्याचे भांडण उरते.

आकाशातला डोळा काय पाहतो

आता उपग्रहाकडे येऊ. शेतीकडे पाहणारा भारताचा पहिला मोठा उपग्रह, आयआरएस-१ए, १७ मार्च १९८८ रोजी सोव्हिएत संघातल्या बैकानूरहून सोडला. त्याचे चित्र म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. एका ठिपक्याला एकच रंग. त्याच्या एका कॅमेऱ्याचा एक ठिपका साडेबहात्तर मीटरचा होता. आपल्या भाषेत सांगायचे तर सुमारे बावन्न गुंठे. तेवढ्या रानात तुमचे पीक, शेजाऱ्याचे पीक आणि मधली पडीक जमीन, सगळ्यांचा मिळून एक रंग. १९९५च्या डिसेंबरात आयआरएस-१सी गेला. त्याच्या रंगीत कॅमेऱ्याचा ठिपका साडेपाच गुंठ्यांवर आला. युरोपचा सेंटिनेल-२ हा उपग्रह २०१५ पासून चित्रे काढतो. त्याचा ठिपका दहा मीटर बाय दहा मीटर. हिशेब करा : शंभर चौरस मीटर म्हणजे जवळजवळ बरोबर एक गुंठा. दर काही दिवसांनी तो आपल्या डोक्यावरून जातो आणि त्याची चित्रे जगात कोणालाही फुकट मिळतात. एकरात चाळीस गुंठे, तुमच्या एकराचे चाळीस ठिपके.

उपग्रह पीक कसे ओळखतो? हिरवे पान सूर्याचा तांबडा प्रकाश शोषून घेते, आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेकते. पान जितके जोमदार तितका हा फरक मोठा. यंत्र हा फरक मोजते आणि हिरवेपणाला आकडा देते. म्हणूनच कित्येक उपग्रहचित्रांत जोमदार पीक लालभडक दाखवलेले असते. कोणी तुम्हाला लाल चित्र दाखवून रान जळाले म्हणाला, तर आधी विचारा की इथे लाल म्हणजे काय.

आता त्याला काय दिसत नाही तेही ऐका. ढगाच्या आड त्याला काही दिसत नाही. खरिपात जुलै-ऑगस्टला चांगले चित्र मिळणे मुश्कील. रडारचे उपग्रह ढगातूनही पाहतात, त्यांचा उपयोग आता वाढतो आहे. पण दुसरी अडचण ढगांची नाही. उपग्रह पान पाहतो, दाणा पाहत नाही. शाळू पोटरीत येईपर्यंत हिरवागार राहिला आणि मग ओल तुटली, कणीस भरलेच नाही, किंवा खडखड्याने ताटे पोकळ होऊन लोळली, तर आधीचे चित्र छानच दिसणार. २०१७ साली महाराष्ट्रात गुलाबी बोंडअळीने कपाशी खाल्ली. झाड हिरवे होते, बोंडे आतून किडली होती. तसे रान वरून पाहणाऱ्याला ते उत्तम पीक वाटेल. वेडी बाभूळ आणि गाजरगवतही त्याच्या लेखी हिरवेच. म्हणून जमिनीवरच्या साक्षीवाचून उपग्रहाचा पुरावा अपुरा आहे. हे मी रागाने सांगत नाही. या विद्येतले जाणकारही चित्र जमिनीवर पडताळून पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढत नाहीत.

सरासरीने केलेला घात

पूर्वी पैसेवारी होती. तिच्यावर आपण पुष्कळ भांडलो. तलाठी चावडीवर बसून आकडे भरतो, पन्नास पैशांच्या वर एक पैसा टाकतो आणि गावाच्या सवलती बुडतात, असे आपण म्हणत आलो. पण पैसेवारी गावाची होती. पुढे केंद्राने दुष्काळाची नवी संहिता आणली, २०१६ची. आधी पाऊस पाहायचा, मग पेरणी, जमिनीतली ओल, पाणीसाठे आणि उपग्रहाने मोजलेला पिकाचा हिरवेपणा पाहायचा, आणि शेवटी निवडक गावांत जाऊन पडताळणी करायची. महाराष्ट्रात याचे एकक धरले ते तालुका.

३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्याने चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. सोलापूर जिल्ह्यातले पाच आले : बार्शी, करमाळा, माढा, माळशिरस आणि सांगोला. बाकीचे सहा राहिले. ज्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले, तो मंगळवेढा तालुकाही राहिलेल्यांत. राज्यभर ओरड झाली. मग दहा दिवसांनी ज्या महसूल मंडळांत पाऊस सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी आणि एकूण ७५० मिलिमीटरहून कमी होता, तिथे दुष्काळसदृश परिस्थिती जाहीर झाली. म्हणजे मंडळाचा निवाडा शेवटी पर्जन्यमापकाच्या नळीने केला. गुंठ्याचा ठिपका पाहणारा उपग्रह आकाशात फिरत होता, त्याला मंडळापर्यंत कोणी खाली आणले नाही.

तालुक्याच्या सरासरीत काय होते ते साध्या गणिताने पाहू. हे आकडे समजुतीचे आहेत. समजा हिरवेपणाला शंभरपैकी गुण द्यायचे. भिजलेल्या उसाला ७०, होरपळलेल्या ज्वारीला २०. पूर्वी कधी तरी एका दुष्काळात तालुक्यात शंभर एकरांपैकी दहा एकर ऊस होता आणि नव्वद एकर ज्वारी. सरासरी निघते २५. पुढे कालवा आला, बोअर पडले, ऊस तीस एकर झाला. पुन्हा तसाच दुष्काळ पडला. ऊस ७०, ज्वारी २०. सरासरी येते ३५. ज्वारीच्या रानात काही फरक नाही, तीच होरपळ, तेवढीच भेगाळलेली जमीन. तालुका मात्र दहा गुणांनी सुधारला! हिरवेपणाची तुलना त्याच भागाच्या मागच्या वर्षांशी होते, त्यामुळे ऊस जितका वाढेल तितका जिरायतदाराचा दुष्काळ कागदावर हलका दिसेल. उजनीच्या पाण्यावर जगणारा आणि आभाळाकडे पाहून जगणारा, दोघांचा एकच आकडा काढला तर कोरडवाहूवाला त्यात बुडतो. यात उसवाल्याचा दोष नाही. दोष सरासरी काढणाऱ्याचा आहे.

विम्याचेही तसेच. खरीप २०२३ पासून पीकविमा योजनेत भात आणि गव्हाच्या उत्पन्नाच्या अंदाजात उपग्रहादि तंत्राला ३० टक्के वजन द्यायला केंद्राने सुरुवात केली, पुढे सोयाबीनही आले. हे तंत्र ज्वारी-कपाशीच्या रानात पूर्ण ताकदीने येईल त्या दिवशी आपण तयार असलो पाहिजे. आंधळ्या विरोधाने भागणार नाही. तलाठ्याच्या पेनापेक्षा उपग्रह कोणाच्या दबावाखाली कमी येतो, ही त्याची जमेची बाजू आहे. आपले भांडण उपग्रहाशी नाही. गुंठ्याचे दिसत असताना तालुक्याचे बोलणाऱ्याशी आहे.

गावात काय करायचे

नुसते ऐकून घरी जायचे नाही. चार कामे घेऊन जा.

पहिले काम, गावाची नकाशांची एक फाईल करा. गावनकाशा, टोपोशीटवरचा आपला तुकडा, पाणलोटाचा नकाशा आणि विकास आराखडा किंवा रस्त्याची आखणी लागू असेल तर त्याची प्रत. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राने नकाशांवरची पूर्वपरवानगीची बरीच बंधने काढली. आपल्याच पैशाने आपल्याच जमिनीचा काढलेला नकाशा कुलपात ठेवायचा, ही पद्धत आता चालायची नाही. 'महाभूनकाशा' आणि इस्रोचे 'भुवन' गावातल्या शिकलेल्या पोराला मोबाइलवर उघडायला सांगा. पोरगी असेल तर तिला सांगा, ती जास्त लक्ष देऊन करील.

दुसरे काम ई-पीक पाहणीचे. १५ ऑगस्ट २०२१ पासून ही पाहणी राज्यभर आहे. पुष्कळजण ती कटकट म्हणून टाळतात. पण शेतात उभे राहून काढलेला, जागेच्या नोंदीसह असलेला फोटो हा उपग्रहाच्या ठिपक्याला दिलेला तुमचा जबाब आहे. ज्वारी पेरली आणि नोंद पडीक राहिली, तर पुढे कोणाशी भांडणार?

तिसरे काम, पीक कापणीचा प्रयोग आणि दुष्काळाची पडताळणी गावात येईल तेव्हा दहा माणसे हजर ठेवा. कोणते शेत निवडले, जिरायत की बागायत, दाणा किती भरला, हे पंचनाम्यात लिहून घ्या. न वाचता सही करू नका.

चौथे काम मागणीचे. या बैठकीने ठराव करावा, ग्रामसभांनीही करावा. दुष्काळासाठी उपग्रहाचे आकडे मंडळवार काढा. जिरायत आणि बागायत वेगळे मोजा, ऊस ज्वारीत मिसळू नका. चित्र कोणत्या तारखेचे, ठिपका किती मीटरचा, तुलना कोणत्या वर्षांशी, हे तिन्ही चावडीवर लावा. हरकतीला मुदत द्या, आणि हरकत घेणाऱ्याच्या गटात येऊन पाहा.

यातली एकही मागणी अशक्य नाही. चित्रे आहेत, यंत्रे आहेत, शिकलेली माणसे आहेत. नागपूरचे राज्य सुदूर संवेदन केंद्र १९८८ पासून काम करते आहे. ठरावाचा मसुदा दाराशी ठेवला आहे. प्रत्येक गावाने एक प्रत न्यावी, येत्या ग्रामसभेत मांडावी आणि मंजूर झालेली प्रत तहसीलदाराकडे देऊन पोच घ्यावी. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना ती पोच बरोबर आणा.